बॅटरी बिचारी, भानगड दुसरीच!

‘सिंगल ओनर, शोरूम कंडिशन, नवी बॅटरी.’ सेकंडहँड बाइकची जाहिरात वाचताना आपले डोळे या तीन गोष्टींवरून गरागरा फिरतात. पहिली गोष्ट आरसी बुकात बघून कळते. दुसरी ज्याच्या त्याच्या नजरेवर. आणि तिसरी? ती वाचून आपण खूश होतो. चला, एक खर्च वाचला! पण दोस्तांनो, जरा दमानं घ्या. नवी बॅटरी ही दर वेळी गुड न्यूज असतेच असं नाही. मालकाला गाडी विकायला काढताना अचानक नवी बॅटरी का टाकावीशी वाटली, हा प्रश्न आपण विचारतच नाही. कधी उत्तर साधं असतं, जुनी खरंच म्हातारी झाली होती. पण कधी कधी उत्तर असं असतं, की या गाडीत बॅटऱ्या टिकतच नाहीत. ते कुणी सांगत नाही. ते आपल्याला दीड-दोन महिन्यांनी कळतं, सकाळी पावणेनऊला, पार्किंगमध्ये, लॅपटॉपची बॅग पाठीला लावून सेल्फचं बटण दाबत असताना. टक, टक, टक, टक... आणि शांतता.

यापुढचा सिनेमा सगळ्यांच्या पाठ आहे. वॉचमन काका धक्का मारतात, गाडी कशीबशी गॅरेजला पोहोचते, मेकॅनिक सीट काढतो, बॅटरीकडे एक नजर टाकतो आणि निकाल देतो, ‘बॅटरी बसली, बदलावी लागेल.’ मीटर नाही, तपासणी नाही, थेट निकाल! आपण पाकीट काढतो. बाइकच्या आकारानुसार हजार-दीड हजारापासून पुढे कितीही. गाडी मस्त सुरू होते. दोन महिन्यांनी पुन्हा टक टक टक.

आजचा फंडा एवढाच, की बसलेली बॅटरी हे बरेचदा लक्षण असतं, आजार नव्हे. आजार शोधायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. एक मल्टिमीटर लागतो, जो काही शे रुपयांत मिळतो, आणि रविवारची एक निवांत सकाळ.

सोसायटीची टाकी आठवा

विजेचं नाव काढलं की अनेकांना दहावीचं विज्ञान आठवून घाम फुटतो. म्हणून आपण पाण्याचं उदाहरण घेऊ. सोसायटीच्या गच्चीवर टाकी असते, खाली पंप असतो, टाकी भरली की पाणी थांबवणारा बॉल कॉक असतो आणि घरोघरी नळ असतात. बाइकमध्ये टाकी म्हणजे बॅटरी. पंप म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणारा मॅग्नेटो आणि त्याची कॉइल, जिला शुद्ध भाषेत स्टेटर म्हणतात. इंजिन फिरलं की चुंबक फिरतं आणि कॉइलमध्ये वीज तयार होते. पण ही वीज एसी असते आणि बॅटरीला हवी असते डीसी. शिवाय इंजिन जोरात फिरलं की ती भसाभसा वाढते. म्हणून मध्ये एक डबी बसवलेली असते, रेग्युलेटर-रेक्टिफायर. गॅरेजच्या भाषेत आरआर युनिट. एसीचं डीसी करायचं आणि व्होल्टेज मर्यादेत ठेवायचं, ही तिची दोन कामं. हा झाला आपला बॉल कॉक. आणि हेडलाइट, हॉर्न, इंडिकेटर, सेल्फ, इग्निशन हे झाले नळ.

आता सांगा, टाकी रोज सकाळी रिकामी सापडत असेल तर कारणं किती? चार. टाकी स्वतःच खराब. पंप पाणी चढवत नाही. बॉल कॉक अडकलाय. किंवा कुठला तरी नळ रात्रभर गळतोय. पहिल्याच झटक्यात टाकी बदला म्हणणाऱ्या प्लंबरला सेक्रेटरी दारात उभा करेल का? मग बाइकच्या बाबतीतच आपण इतके दिलदार का होतो?

टाकी आतून कशी बिघडते?

लेड-ॲसिड बॅटरी हा १८५९ साली फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी लावलेला शोध. तेव्हापासून आजवर मूळ कल्पना तीच आहे. शिशाच्या प्लेट्स आणि सल्फ्युरिक ॲसिड. आपल्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि पूर्ण चार्ज झालेला प्रत्येक कप्पा साधारण २.१ व्होल्ट देतो. सहा गुणिले २.१ म्हणजे १२.६. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

बॅटरी वापरली गेली की प्लेट्सवर लेड सल्फेटचा थर बसतो आणि चार्ज झाली की तो विरघळतो. प्रॉब्लेम कधी होतो? बॅटरी उतरलेल्या अवस्थेत तशीच पडून राहिली, तर हा थर कडक होतो. मग तो सहजासहजी निघत नाही. टाकीत गाळ साचून पाण्याची जागा कमी व्हावी तसं. बाहेरून टाकी तेवढीच दिसते, पण आत पाणी मावतं निम्मं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये महिनोन्महिने कव्हरखाली झोपलेल्या कितीतरी बाइक्सच्या बॅटऱ्या अशाच गेल्या. आजही आठवड्यातून तीन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या गाड्यांची हीच कहाणी असते.

म्हणजे चार्जिंग अपुरं असलं की दोन घाव बसतात. बॅटरी रिकामी राहते आणि रिकामी राहिल्यामुळे कायमची बिघडते. मग मेकॅनिकचं ‘बॅटरी गेली’ हे वाक्य खरंच ठरतं! फक्त ती का गेली हे त्यानं सांगितलेलं नसतं.

टेस्टिंगवालीची गोष्ट

माझी एक मैत्रीण हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. तिनं गेल्या वर्षी आठेक वर्षांची एक दीडशे सीसी बाइक घेतली. जाहिरातीत अर्थातच ‘नवी बॅटरी’. सहा आठवड्यांत ती बसली. बिल मागायचं राहून गेलं होतं, त्यामुळे वॉरंटीचा विषयच संपला. तिनं स्वतःच्या पैशांनी दुसरी घेतली. दोन महिन्यांत तीही कुरकुरायला लागली. दुकानदारानं ती चार्जिंगला लावली, टेस्ट केली आणि परत हातात दिली, ‘मॅडम, बॅटरी एकदम ओके आहे.’ गॅरेजवाला म्हणाला, ‘जरा मोठी टाकू या.’ म्हणजे तिसरी!

त्याच सुमारास, पावसाळ्यात, कोकणातून ताम्हिणीमार्गे परत येताना अंधार पडला. आधी इंडिकेटर लुकलुकायचे थांबले. मग हॉर्न घोगरा झाला. मग हेडलाइट पिवळी पडली, इंजिन अडखळायला लागलं आणि एका वळणावर सगळंच बंद. ना पुढे दिवा, ना मागे. मागून येणाऱ्या गाडीला आपण दिसतोय की नाही याची खात्री नाही, वरून पाऊस आणि मोबाइलला रेंज नाही. मागून आलेल्या एका टेम्पोवाल्यानं गाडीसकट तिला वर घेतलं म्हणून निभावलं. ‘तोपर्यंत मला वाटत होतं हा फक्त पैशांचा प्रश्न आहे,’ ती मला म्हणाली.

घरी आल्यावर तिनं ठरवलं, आता ऑफिसात बग पकडते तसाच हाही पकडायचा. आधी बग पुन्हा घडवून बघायचा, मग एकेक गोष्ट वेगळी काढून तपासायची आणि शेवटी दुरुस्ती. अंदाजपंचे पार्ट बदलणं बंद! बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून तिनं साधा डिजिटल मल्टिमीटर आणला. रविवारी सकाळी आम्ही दोघं तिच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसलो. पुढच्या सगळ्या टेस्ट्स त्याच क्रमानं देतोय. क्रम मोडू नका. एकेका पायरीचा निकाल पुढच्या पायरीला लागतो.

टेस्ट शून्य : आधी डोळे वापरा

हातातलं कडं, अंगठी, मेटलच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. पान्यासोबत कड्यानंही शॉर्ट केलं तर चटका बसेल. सीट किंवा साइड पॅनेल उघडून टर्मिनल बघा. पांढरी-हिरवट पावडर आहे? टर्मिनल हातानं हलतंय? मग आधी हेच काम करा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना पॉझिटिव्ह आधी. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून पुसा, कोरडं करा, नट घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हलका हात. ‘बॅटरी गेली’च्या कित्येक केसेस इथेच, फुकटात सुटतात.

पाणी घालायची बॅटरी असेल तर प्रत्येक कप्प्याची लेव्हल दोन रेषांमध्ये हवी. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाचं नाही, आरओचं नाही आणि ॲसिड तर अजिबात नाही. बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली दिसली तर पुढच्या टेस्ट करू नका, बदला.

टेस्ट एक : झोपेतून उठवल्यावर

गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी चावी न लावता मीटर डीसी व्होल्टवर, वीसच्या रेंजवर ठेवा. लाल वायर पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला. १२.६ ते १२.८ म्हणजे पोट भरलेलं. १२.४ च्या आसपास म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे उपास. आणि १०.५ च्या आसपास येऊन अडलंय, चार्ज करूनही वर जात नाही? आता मघाचा आकडा आठवा. १२.६ मधून एक कप्पा म्हणजे २.१ वजा केला की १०.५. सहापैकी एक कप्पा मेला. ही बॅटरी खरंच गेली.

बॅटरी उतरलेली असेल तर पुढच्या टेस्टआधी ती नीट चार्ज करून घ्या. उपाशी बॅटरीवर केलेल्या टेस्टचे निकाल फसवे येतात. चार्जिंगचा ठोकताळा सोपा आहे. बॅटरी जेवढ्या अँपिअर-अवरची, त्याच्या दहाव्या हिश्श्यानं. ५ अँपिअर-अवरची असेल तर अर्धा अँपिअर, दहा-बारा तास. गाडीच्या मोठ्या बॅटरीचा चार्जर धाडकन लावू नका. खोली हवेशीर हवी आणि जवळ सिगारेट पेटवायची नाही, कारण चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन बाहेर पडतो.

टेस्ट दोन : जरा काम सांगून बघा

मीटर टर्मिनलला तसाच ठेवा आणि सेल्फ मारा. आकडा खाली येणारच, पण साधारण साडेनऊ-दहाच्या खाली जायला नको. आधी १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ७-८ वर कोसळत असेल तर तिच्यात दम नाही. नुसता दिखावा! सेल्फ मारताना आकडा फारसा हललाच नाही आणि फक्त एकदा ‘टक’ झालं, तर बॅटरीला दोष देऊ नका. स्टार्टर रिले किंवा सेल्फ मोटरकडे बघा. आणि काहीच आवाज नाही, तर आधी किल स्विच, साइड स्टँड, क्लचचा स्विच आणि फ्यूज. हसू नका, लाल किल स्विच चुकून दाबला गेल्यामुळे गॅरेजपर्यंत ढकलत नेलेल्या गाड्या कमी नाहीत.

मैत्रिणीच्या बॅटरीनं चार्ज केल्यावर दाखवले १२.७. सेल्फ मारताना १०.८. दोन्ही परीक्षांत पास! म्हणजे दुकानदार खोटं बोलत नव्हता. टाकी चांगली होती.

टेस्ट तीन : पंप चालू आहे का?

सगळ्यात महत्त्वाची टेस्ट हीच. इंजिन चालू करा, हेडलाइट चालू असू द्या, मीटर बॅटरीच्या टर्मिनलवर. आयडलिंगला आकडा १३ च्या आसपास असेल. आता हळूहळू रेस वाढवा, चार-पाच हजार आरपीएमपर्यंत. बहुतेक बाइक्समध्ये आकडा चौदाच्या आसपास, म्हणजे साधारण १३.८ ते १४.८ च्या मध्ये येऊन स्थिरावायला हवा. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो.

रेस वाढवूनही आकडा तेराला पोहोचत नाही? पंप चढवत नाहीये. आकडा पंधराच्या पुढे पळतोय? बॉल कॉक अडकला, म्हणजे आरआर युनिट गेलं. ही दुसरी केस जास्त घातक. बॅटरी उकळते, पाणी वारंवार कमी होतं, बल्ब पटापट उडतात. वर्षातून तीनदा बल्ब बदलणाऱ्यांनो, ही टेस्ट आजच करा.

एक जुनी ट्रिक अजूनही काही गॅरेजांत चालते. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची, गाडी चालू राहिली तर चार्जिंग ओके! कृपया कुणालाही हे करू देऊ नका. बॅटरी बाजूला झाली की व्होल्टेजच्या उसळ्या थेट इलेक्ट्रॉनिक्समध्ये जातात. फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू उडाला, तर त्या पैशांत बॅटऱ्यांचा ढीग आला असता.

मैत्रिणीच्या गाडीचा निकाल? आयडलिंगला १२.१, रेस केल्यावर १२.६. पुढे सरकायचं नावच नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या गाडीचा खरा आजार आकड्यात वाचला.

टेस्ट चार : पंप की बॉल कॉक?

मॅग्नेटोकडून येणाऱ्या वायरींचा एक कनेक्टर आरआर युनिटच्या जवळपास असतो. थ्री-फेज चार्जिंग असलेल्या बऱ्याच बाइक्समध्ये त्यात तीन सारख्या रंगाच्या वायरी असतात, बहुतेक वेळा पिवळ्या. इंजिन बंद करून तो कनेक्टर सोडवा आणि आधी नीट बघा. प्लास्टिक तपकिरी पडलंय? एखादी पिन काळी झालीय? वितळलंय? अनेकदा चोर इथेच सापडतो.

मग इंजिन बंद असतानाच मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे बीप वाजवणाऱ्या सेटिंगवर ठेवा. एक टोक इंजिनाच्या उघड्या धातूला, दुसरं कॉइलकडच्या तिन्ही वायरींना आळीपाळीनं. बीप वाजला तर कॉइल आत शॉर्ट आहे. नाही वाजला तर उत्तम. आता मीटर एसी व्होल्टवर, दोनशेच्या रेंजवर. इंजिन थोडा वेळच चालू करून तीन वायरींच्या तिन्ही जोड्या मोजा, पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी. टोकांना हात लावू नका. रेस वाढेल तसा आकडा वाढत जायला हवा आणि तिन्ही जोड्यांचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. सारखेपणा हाच खरा निकष. दोन जोड्या पन्नासला आणि तिसरी दहाला, तर कॉइल गेली. तिन्ही सारखे, बीप नाही, कनेक्टर-फ्यूज-वायरिंग सगळं ठीक आणि तरी बॅटरीपर्यंत चार्जिंग नाही, तर उरलं कोण? आरआर युनिट.

सूचना : लहान सीसीच्या अनेक गाड्यांत चार्जिंग सिंगल-फेज असतं आणि कॉइलचं एक टोक मुद्दामच बॉडीला अर्थ केलेलं असतं. तिथे बीप वाजला म्हणून घाबरू नका. या गाड्यांची टेस्ट मॅन्युअल बघूनच करा.

आमच्या केसमध्ये तिन्ही आकडे सारखे, बीप नाही. पण कनेक्टरची एक पिन काळीठिक्कर, भोवतीचं प्लास्टिक वितळलेलं. तीनपैकी एक वायर कामातूनच गेलेली. नाना पेठेतून नवा कनेक्टर आला, ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियननं पिना नीट दाबून बसवल्या आणि इंजिन चालू केलं. रेस वाढवल्यावर मीटरवर १४.२! बॅटरी तीच. कनेक्टर आणि मजुरी मिळून खर्च एका बॅटरीच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी.

टेस्ट पाच : रात्री नळ कोण उघडतं?

टेस्ट तीनमध्ये चौदा येतायत, बॅटरीही धडधाकट आहे, तरी दोन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ रडतो. मग कुठेतरी गळती आहे. सेकंडहँड बाइकमध्ये हे हमखास, कारण आधीच्या मालकाचे सगळे शौक आपल्याला वारसाहक्कानं मिळतात. सायरनवाला अलार्म, मोबाइल चार्जर, जीपीएस ट्रॅकर, फॉग लाइट, ट्रकचा हॉर्न...

चावी बंद. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात लावा, मीटर डीसी अँपिअरवर ठेवा आणि निगेटिव्ह टर्मिनल आणि काढलेली वायर यांच्या मध्ये जोडा. म्हणजे सगळा करंट मीटरमधून जाईल. आता चावी किंवा सेल्फ चुकूनही लावू नका, मीटरचा फ्यूज उडेल. आकडा अगदी नगण्य दिसला तर मिलिअँपिअरच्या रेंजवर या. घड्याळ, ईसीयू यांच्यासाठी काही मिलिअँपिअर जाणं नॉर्मल आहे. पन्नास दिसले तर? हिशेब करा. ०.०५ अँपिअर गुणिले २४ तास, म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर. ५ अँपिअर-अवरची बॅटरी चार दिवसांत ठणठणीत कोरडी आणि सेल्फ तर त्याच्या खूप आधी संपावर! आता एकेक फ्यूज काढत जा, एकेक ॲक्सेसरी सोडवत जा. जिथे आकडा धपकन खाली येईल, तो नळ गळका.

सगळं ठीक, तरी बॅटरी उतरते?

मग आरशात बघा! घर ते ऑफिस तीन किलोमीटर, मध्ये सात सिग्नल, पाय सतत ब्रेकवर म्हणजे ब्रेक लाइट सतत चालू, आणि दर सिग्नलला स्टाइलमध्ये सेल्फ. टाकीतून बादल्या काढतोय आणि पंपाला दोनच मिनिटं देतोय. आठवड्यातून एकदा तरी सलग अर्धा तास गाडी मोकळ्या रस्त्यावर पळवा. तिलाही वीकएंड लागतो.

जास्त पॉवरचा हेडलाइट बल्ब, जोडीला दोन फॉग लाइट, असा साज चढवतानाही विचार करा. मॅग्नेटोची क्षमता ठरलेली आहे, वॉटेज आपण वाढवतो. शिवाय १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींना इंजिन चालू असताना हेडलाइट सतत चालू ठेवण्याची सोय सक्तीची झाली, म्हणजे एक नळ कायमचा उघडाच. त्यात १ एप्रिल २०२० ला बीएस-सहा आल्यावर कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला आणि फ्यूएल इंजेक्शन आलं. पेट्रोलचा पंपसुद्धा विजेवर! पूर्वी बॅटरी मेली तरी अनेक गाड्या किकवर निघायच्या. आता बऱ्याच गाड्यांना किकच नाही, आणि बॅटरी पूर्ण कोरडी असेल तर ढकलूनही इंजेक्शनची गाडी सहसा दाद देत नाही. म्हणून नवीन गाडीच्या मालकांनो, हे प्रकरण ‘जुन्या खटाऱ्यांचं’ समजू नका.

आणखी एक फसवा क्लू. कार्ब्युरेटरच्या काळातल्या कितीतरी छोट्या बाइक्समध्ये हेडलाइट थेट मॅग्नेटोच्या एसीवर चालते. रेस कमी-जास्त केली की ती मंद-प्रखर होणारच, त्याचा बॅटरीशी संबंध नाही. अशा गाडीत बॅटरीची तब्येत हॉर्न आणि इंडिकेटरवरून ओळखा.

गाडी बघायला जाताना

जायचं सकाळी, आणि मालकाला आधीच सांगायचं, ‘मी येईपर्यंत स्टार्ट करू नका.’ पोहोचल्यावर इंजिनाला हात लावून बघा. गरम असेल तर गाडी आधी कुणीतरी जागी केली आहे. मीटर बरोबर न्या. टेस्ट एक, दोन आणि तीन मिळून दहा मिनिटंही लागत नाहीत. बॅटरीवरची तारीख बघा आणि ‘नवी’ असेल तर बिल आणि वॉरंटी कार्ड मागा. इन्सुलेशन टेपचे गुंडाळे, अधांतरी लोंबणाऱ्या वायरी, फ्यूजच्या जागी तांब्याची तार दिसली तर किंमत कमी करून घ्या किंवा सरळ निघा. मीटर काढल्या काढल्या मालकाचा चेहरा पडला, तर टेस्ट तिथेच झाली समजा!

नवी बॅटरी खरंच घ्यावी लागली तर मॅन्युअलमध्ये दिलेल्याच क्षमतेची घ्या. ‘जरा मोठी’ टाकून पंप दुरुस्त होत नाही. जुनी बॅटरी भंगारात किंवा कचऱ्यात टाकू नका, दुकानात परत द्या. आत शिसं आणि ॲसिड असतं, आणि जुनी दिल्यावर बिलातून काही रक्कम बहुतेक दुकानदार कमी करतात.

गॅरेजमध्ये जाऊन कुणाशी भांडायचं नाहीये. चांगला मेकॅनिक हा घरच्या डॉक्टरइतकाच मोलाचा, त्याला जपा. फक्त पुढच्या वेळी त्यानं ‘बॅटरी गेली’ म्हटलं, की शांतपणे विचारा, ‘रेस केल्यावर चार्जिंग किती येतंय, दादा?’ चांगला असेल तर तो खूश होऊन मीटर आणेल. नाही आणला, तर तुमच्या बॅगेत आहेच.

(पुढच्या आठवड्यात : चेनचा खडखडाट आणि स्प्रॉकेटचे दात. बदलायचं की नुसतं आवळायचं?)